डॉर्कसचा काढा

टॅबिथा ऑर्मरॉड 'तीन कबुतरं'च्या दारातून आत शिरली आणि गुत्त्यातला गलका एकदम बसला. ही बाई दर शनिवारी याच दाराबाहेर गुडघे टेकून दारुड्यांसाठी प्रार्थना करायची. आत मात्र कधी पाऊल टाकलं नव्हतं. आज मंगळवार होता आणि तिच्या हातात चहाची किटली होती.

"बाईंचा चहा संपला वाटतं!" कोपऱ्यातून जेबेझ ओरडला. "बाई, दारू सोडायची शपथ द्यायला आला असाल तर मी तयार आहे हां. दरवर्षी घेतो की मी. शपथ घेतली की केक देता ना अजून?"

हशा पिकला. एरवी टॅबिथानं त्याला उभा सोलला असता. आज नुसती मान हलवली. कोटावरची दारूबंदीची निळी फीत काढून मग आत यायचं तिच्या मनात होतं, पण गारठ्यानं बोटं वळेनात. आणि खरं सांगायचं तर फितीची टाचणी ओढायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं.

गुत्त्याची मालकीण डॉर्कस एंटविसल पेले पुसत होती. "काय गं, दार चुकलीस की वार चुकलीस?"

"ब्रँडी हवीय," टॅबिथा पुटपुटली.

"काय?"

डॉर्कसला पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं. तिला ते पुन्हा ऐकायचं होतं.

"ब्रँडी!" टॅबिथा जोरात म्हणाली. जेबेझनं तोंडातला पाइप काढला.

"लॅव्हिनियाची छाती भरलीय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाला, तासाला चमचाभर ब्रँडी पोटात गेली तर निभावेल. नाही गेली तर काय, ते तो सांगत नाही."

लॅव्हिनिया हारग्रीव्ह्ज म्हणजे गावच्या दारूबंदी मंडळाची अध्यक्षीण. शनिवारी टॅबिथाच्या शेजारी गुडघे टेकणारी तीच, आणि टॅबिथाच्याच घरात राहणारीही.

"अध्यक्षीणबाईंना ब्रँडी!" डॉर्कसनं कमरेवर हात ठेवले. "औषधाच्या दुकानात मिळते की."

"तो दुकानदार आमच्या मंडळाचा खजिनदार आहे. संध्याकाळच्या आत गावभर करेल."

"आणि ती घेईल?"

"छे. मरेन पण ओठाला लावणार नाही म्हणते. मलापण शपथ घातलीय, पाजायची नाही म्हणून." टॅबिथानं किटली फळीवर ठेवली आणि दोन्ही हात टेकून उभी राहिली. "मला ती जिवंत हवीय गं डॉर्कस. शपथेचं मग बघू."

डॉर्कसच्या जिभेवर एक झकास टोमणा होता. कित्येक शनिवार जपून ठेवलेला. तो तिनं गिळला.

"ये इकडं, चुलीपाशी बैस. पडशील नाहीतर."

तिनं पातेल्यात काकवी तापवली. आलं ठेचून टाकलं, लवंगा टाकल्या, कांद्याचा रस पिळला. पातेलं खाली उतरवलं, जरा निवू दिलं, आणि वरून बाटली उपडी केली. हात काही आखडला नाही.

"घे वास."

टॅबिथानं वाकून वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. "कांद्याचा येतोय."

"कांद्याचाच यायला हवा. आपल्या गल्लीतल्या अर्ध्या बायका खोकल्याचं औषध म्हणून हाच काढा पिऊन तुमच्या सभेला येतात. उगाच नाही स्तोत्रं एवढ्या बेंबीच्या देठापासून गात."

"ठाऊक आहे मला," टॅबिथा म्हणाली. "पहिल्या रांगेत बसतात."

डॉर्कस हसली. टॅबिथालाही हसायचं होतं, पण ते गालापर्यंत येता येता राहून गेलं. डॉर्कसनं किटली भरून झाकण लावलं, वर फडकं गुंडाळलं. दार जेबेझनं उघडून धरलं.

"सांडू नका बाई," तो म्हणाला. "पाप लागेल."

घरी लॅव्हिनिया उशांच्या ढिगाला टेकून बसली होती. श्वास असा घरघरत होता, की जिन्यातच ऐकू येत होता. टॅबिथानं चमचा भरून पुढं केला.

"काय आहे?"

"काढा."

लॅव्हिनियानं हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि गिळलं. मग डोळे मिटले. टॅबिथा चमचा हातात धरून उभीच. थोड्या वेळानं घरघर जराशी उतरली. गालांवर, अगदी हाडाशी, थोडा रंग आला.

"कुणी केला?"

खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. "डॉर्कसनं."

"'तीन कबुतरं'वालीनं?"

"हो."

लॅव्हिनिया छताकडं बघत राहिली. टॅबिथानं किटली तिच्या हाताला लागणार नाही अशी लांब सरकवली आणि ओरडा खायला तयार होऊन खाली मान घातली.

"गुणी आहे हो बाई," लॅव्हिनिया म्हणाली. "अजून दे."

"तासाला एकच सांगितलाय डॉक्टरनं."

"झाला असेल तास."

"आत्ता तर दिला, लॅव्हिनिया."

लॅव्हिनियानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग टॅबिथाकडं. "मग काटा पुढं कर की."

टॅबिथानं खुर्ची ओढली, गुडघ्यावर हात टेकून वर चढली, काच उघडली आणि मोठा काटा बोटानं हळूहळू पूर्ण फिरवला. घड्याळानं इमानेइतबारे टोले दिले.