चंबळेचा उतार
धारहून देवासला निघालेल्या बैलगाड्यांत मथुराची गाडी शेवटची होती. नवरा देवासच्या नोकरीवर आधीच रुजू झाला होता. तिच्यासोबत तान्हं बाळ आणि सासरे होते. आदल्या दिवशी सपाट रस्त्यावर गाडीवान नाथूनं तिला कासरा धरायला शिकवलं, तेव्हा सासरे तोंड फिरवून बसले होते. आज चंबळ येईपर्यंत नाथू तापानं फणफणून गाडीतच आडवा झाला. पुढच्या गाड्या पलीकडे पोचल्या होत्या, आणि पाण्याच्या आवाजात हाका ऐकू जाईनात. मथुरानं बाळ सासऱ्यांच्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि गाडीवानाच्या जागी जाऊन बसली. नदीच्या मध्यावर पाणी चाकांच्या आसाला लागलं आणि बैल थांबले. गाडी कलली. सासरे रामनाम घेऊ लागले. तिनं घाबरून चाबूक उचलला. “मारजो मती, बाईसाब!” आतून नाथू कण्हत म्हणाला. “रास ढीली छोड़ दो. प्यासा हे, पाणी पीवा दो.” तिनं चाबूक खाली ठेवला आणि कासरा सैल केला. बैलांनी माना खाली घातल्या आणि ते सावकाश पाणी प्यायले. मग तिनं नुसतं “चला रे” म्हटलं, आणि गाडी हलली. काठावरचा चढ चढून ती कोरड्या वाळूत उभी राहिली, तेव्हा मथुराला एकदम हसू फुटलं. “मामंजी, द्या बाळाला इकडं,” ती म्हणाली. “राहू दे माझ्याजवळ,” सासरे म्हणाले. “देवासपर्यंत बैल तूच सांभाळ.”