चार दगडांचं रान

थोरल्या कुबातनं आजही भावाकडं पाठ केली, तीही जमिनीच्या कचेरीत, चार लोकांत. धाकटा एर्मेक दाराशी लोकरीच्या नमद्याची टोपी चुरगाळत उभा. दोघांच्या मधे त्यांची आई, सादातअपा. नवरा गेल्यापासून ती अशीच मधे उभी होती.

"अपा, यंत्र तुमचं रान घेत नाही," खिडकीतली पोरगी म्हणाली. "आकारच चुकीचा म्हणतं. रेघेनं रेघ कापलीय."

अपा कधी कुठल्या खिडकीपाशी वाकली नव्हती. आज वाकली. पडद्यावर तिचं चौकोनी रान नव्हतंच. आडवं डमरू होतं. दोन तिकोनी तुकडे, टोकाला टोक लावून.

"मोजणीला हद्दीवरून कोण चाललं?" पोरीनं विचारलं.

"हे दोघं," अपा म्हणाली. "अर्धी अर्धी हद्द. एकत्र चालले असते तर डोंगर कोसळला असता ना!"

पोरीनं बोटानं दाखवलं. कुबात आपल्या कडेनं रस्त्याच्या दगडापासून पाटाच्या दगडापर्यंत गेला. एर्मेकही आपल्या कडेनं रस्त्यापासूनच निघाला. एकानं खाली जायचं, दुसऱ्यानं पाटाकडून वर यायचं होतं. पण मग पाटावर गाठ पडली असती. ते ज्या क्रमानं चालले, त्याच क्रमानं यंत्रानं चारी दगड जोडले.

"एकाची चाल उलटी लावते. कुणाचीही लावली तरी रान तेच. फक्त त्याची सही लागेल."

"त्याची उलटव," कुबात म्हणाला.

"मी का? त्यालाच सांग की मागं फिरायला!" एर्मेक दारातूनच.

पेन खिडकीत तसंच पडून राहिलं.

"दुरुस्तीचा आज शेवटचा दिवस आहे, अपा," पोरगी म्हणाली. " नाहीतर यंत्र आपल्या मनानं दुरुस्त करील. दोघांना एकेक तिकोन. रस्त्याकडचं, पाटाकडचं रान सरकारजमा."

"कर," दोघं एकदमच म्हणाले. बाप पुरल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

अपानं पडद्यावर बोट टेकवलं, टोकं मिळत होती तिथं. "हे माझं घर. हे कुणाकडं गेलं?"

पोरीनं मान खाली घातली. "तो नुसता बिंदू आहे, अपा. बिंदूला जागा नसते."

अपानं डोक्याचा रुमाल आवळला आणि थोरल्याकडं वळली.

"ऐकलंस, कुबात? तुम्ही भाऊ एकमेकांना अजून शिवता ते एवढ्याच टोकाला. तिथं आई मावत नाही."