ताप सोसणारा आडोसा

टेकडीवर वाफाळता चहा पाजण्याचा शब्द नानांनी माईंना दिला होता. त्यासाठी छोट्या स्टोव्हला आडोसा म्हणून वजनाला हलकी आणि ताप सोसणारी वस्तू ते महिनाभर शोधत होते. पत्रा जड वाटला, पुठ्ठा करपला, अखेर ॲल्युमिनियम फॉइलची दुहेरी घडी पसंत पडली. टेकडीवर ती पहिल्याच झुळकेने उडाली, स्टोव्ह विझला आणि नानांचा चेहरा पडला.

"अहो, बघत काय राहिलात? वाऱ्याकडे पाठ करून स्टोव्हला खेटून बसा!" माईंनी फर्मावले. नाना तसे बसले, स्टोव्ह पुन्हा पेटला आणि बघता बघता चहाला उकळी फुटली.

"माई, नानांना चटका बसेल गं!" सोबत आलेली लेक कळवळली.

"छे! वजनाला हलके नसतील, पण ताप सोसण्यात यांचा हात कोणी धरणार नाही. लग्नापासून मी रोज पारखतेय!"