गोपिकाचा ताणा

मधुसूदनने सकाळी बदललेलं काचपेटीतलं पाणी दुपारच्या जेवणापर्यंत पुन्हा ताकासारखं पांढरं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. एक एंजल मासा आडवा तरंगत होता. त्याने तोंड उघडणं बंद केलं होतं.

मधुसूदनने आधी नळाच्या पाण्याला शिव्या घातल्या, मग सीताबर्डीच्या पंपवाल्याला. घरच्यांची पाळी यायला वेळ लागला नाही.

"यात कोणी हात घातला?"

घरात त्याच्याशिवाय बायको अनुसया, लग्न ठरलेली मुलगी गोपिका आणि बाजेवर पडलेले वडील नत्थूजी एवढेच होते. त्या पाण्यात हात घालावा असं त्यांच्यापैकी कोणालाही कधी वाटलं नव्हतं.

काचपेटी बैठकीत जिथे होती तिथे पूर्वी नत्थूजींचा खड्ड्याचा हातमाग होता. खड्डा बुजवून वर फरशी बसवल्यावर जागा उघडी दिसते, म्हणून मासे आणले. मधुसूदनच्या बँकेतल्या साहेबांकडेही मासे होते. पाणी गाळायचं यंत्र मात्र मधुसूदनचं स्वतःचं. बाजारच्या गाळणीत कापूस दबून बसतो आणि पाणी अडतं, हा दोष त्याने हेरला होता. त्याने प्लॅस्टिकच्या बरणीला तापल्या सळईने भोकं पाडली, तळाला कोळसा भरला, पंपाची नळी आत सोडली आणि कापसाऐवजी स्वतःच्या डोक्याने दुसरंच काही ठासलं. पाणी बिघडलं की तो ते काढून मोरीत टाकी आणि नवीन ठासी, आधीपेक्षा जास्त.

पाण्याचा वास आंबूस होता. नत्थूजींना तो बरेच दिवस येत होता. म्हातारपणी जुने वास येतात, असं समजून ते गप्प होते. आज ते उठले. बाह्या वर न करताच त्यांनी पाण्यात हात घातला, बरणीतून एक बोळा उपसला आणि अंगठ्याखाली चोळला. चोळताचोळता अंगठा थांबला.

"कुठून घेतलं हे?"

"माळ्यावरच्या पेटीतून," मधुसूदन म्हणाला. "पडूनच होतं ना."

पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून ठेवलेला ताणा होता, गोपिकाच्या लग्नाच्या लुगड्याचं उभं सूत. थंडीत भर गल्लीत ताणून आजोबा-नातीने त्याला कुंचल्याने खळ दिली होती, आणि पुढच्या महिन्यात तो तांडापेठेत बळीराम कोष्ट्याच्या मागावर चढवून नत्थूजी स्वतः विणणार होते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मधुसूदनलाही होतं. म्हातारा खरंच विणेल, एवढंच त्याला वाटलं नव्हतं.

"गोपिकाचा ताणा होय तो."

"बाबा, लग्नात सुती कोण नेसतं आता? तिला मी नायलॉनची घेऊन देतो. चांगली, गांधीबागेतून."

"मले कोणी विचारलं?" गोपिका स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"तू चूप राय वं."

"चूपच होती. म्हणून तं माशाईनं खाल्लं माहं लुगडं."

राग आला की नत्थूजींचा आवाज चढत नसे, बसत असे. बसल्या आवाजात ते म्हणाले, "कोष्ट्याच्या पोटचा ना गा तू? ताण्याचं सूत पाण्यात घालते कोणी? त्याले भाताची खळ दिली हाये. ते खळ सुटून राहिली, म्हणून तुह्यं पाणी पांढरं होते. मासे मरून राहिले त्या खळीनं, अन् तू पंपवाल्याले शिव्या देतं."

त्यांनी ही शिवी दिली होती. मधुसूदनने ती सल्ला म्हणून ऐकली. दिवसभरात पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला.

"असं आहे होय. म्हणजे माझी रचना बरोबरच होती." त्याने बरणीकडे कौतुकाने पाहिलं. "मग हे आधी नाही का सांगायचं, बाबा? सूत उकळून घेतलं की झालं."

तो स्टुलावर चढला आणि माळ्यावरच्या पेटीतून उरलेला ताणा काढून खांद्यावर टाकून उतरला. कातरलेली टोकं त्याच्या पाठीवर लोंबत होती. नत्थूजींनी नजरेनेच अंदाज घेतला. उरल्या सुतातूनही एक लुगडं निघालं असतं. पदराला जरा काटकसर करावी लागली असती, पण निघालं असतं.

"अनुसया, मोठं गंज चुलीवर चढव. पाणी ठेव भरून."

"गंज घासाचं हाये," आतून अनुसया म्हणाली. पण घासण्याचा आवाज काही आला नाही.

"मग घास ना."

"घासतो," अनुसया तिथूनच म्हणाली.

मधुसूदन स्वतःच आत निघाला आणि दोन पावलांवर अडला. बाजेच्या खुराला काही गुंतलं असेल असं वाटून त्याने न बघताच हिसका दिला. ताणा खांद्यावरून घसरला, उलगडला आणि बैठकीभर पसरला. आपल्याकडचं टोक हातात धरून त्याने वळून पाहिलं. दुसरं टोक नत्थूजींच्या मुठीत होतं.

"सोडा बाबा."

नत्थूजींनी टोकाचा मनगटाला एक वेढा दिला. फरशीवर, काचपेटीच्या स्टँडला टेकवून, त्यांनी पाय रोवला. त्या वयाच्या माणसाने रोवू नये इतका घट्ट. सूत वर उचललं गेलं आणि काचपेटीवरून बापलेकांच्या मध्ये सरळ ताणलं गेलं. खाली पंप बुडबुडत होता.

गोपिका दारातून पुढे आली आणि आजोबांच्या मागे जाऊन उभी राहिली. तिने हात लावला नाही.

"सोडा ना बाबा," मधुसूदन म्हणाला. घामाने त्याचा हात निसटत होता, म्हणून त्याने दुसराही लावला. "तुटून जाईन ना ते."

"तुटत नाही," नत्थूजी म्हणाले. "ओढ तू."