सातच्या खाली

“आधी तुम्ही टोचून दाखवा, मग मी,” असं म्हणत बायकोने बोट पाठीमागे लपवलं.

फोरमनसाहेबांनी कपाळावर हात मारला. “अगं, मुंगी चावल्याइतकंच दुखतं!” म्हणत त्यांनी स्वतःच्याच बोटाला सुई टोचली आणि साखर मोजायच्या यंत्राच्या पट्टीवर थेंब घेऊन ते तिच्या हाती दिलं. मग तिची पाळी. पण तिचं रक्त दिसलं की साहेबांना घेरी यायची. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. वहीत आकडा तिनेच लिहिला.

बायकोला मधुमेह निघाला होता. साखरेचा तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा सातच्या खाली आला नाही तर इन्शुलिन सुरू, असं डॉक्टरीणबाईंनी बजावल्याचं तिने घरी येऊन सांगितलं. “रोज सुया टोचून घेणं जमायचं नाही हो,” म्हणत तिने डोळे पुसले.

साहेब इरेला पेटले. चौतीस वर्षं कारखान्यातली यंत्रं सांभाळलेला माणूस बायकोला सुई लागू देतो होय! त्यांना स्वतःला कधी साधं पडसं माहीत नव्हतं. “मला काय धाड भरलीय?” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. निवृत्तीच्या तपासणीचा लिफाफासुद्धा त्यांनी न उघडताच तिच्या हवाली केला होता.

त्याच संध्याकाळी ते मधुमेहींसाठीच्या पोषक पेयाचा डबा घेऊन आले. बायको अडून बसली, “मी एकटी नाही पिणार.” मग पेले दोन झाले. चालायला जायचं तर दोघांनी, गोड सोडायचं तरी दोघांनी. साहेबांनी चहातली साखरही मुकाट्याने सोडली.

आणि पहिल्याच आठवड्यात वहीतला रोजचा आकडा दोनशे चाळीसवर! साहेब तणतणत दुकानदाराकडे गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“साहेब, नाश्ता करून वर हे पिता का?”

“मग? ताकद नको यायला?”

“अहो, हे नाश्त्याऐवजी घ्यायचं! साखर वाढवणारे पदार्थ यातही आहेतच. फक्त ते रक्तात सावकाश उतरतात, म्हणून शरीरातल्या इन्शुलिनवर एकदम ताण येत नाही. वरून भरपेट खाल्लं तर डबा बिचारा काय करणार?”

साहेब वरमले. दुसऱ्या दिवसापासून घराचा कारखाना झाला. पावडर काट्यावर तोलायची, पाणी मापाने ओतायचं, घड्याळ लावून दोन तासांनी बोट टोचायचं. नाश्ता सुटला तसा आकडा उतरू लागला. एकशे नव्वद. एकशे सत्तर. एकशे अडतीसला साहेब स्वयंपाकघरात चक्क नाचले, आणि बायको हसता हसता रडली.

तीन महिने संपले. रक्त तपासायला गेल्यावरही तिचं तेच पालुपद, आधी तुम्ही. साहेबांनी बाही वर करून रक्त दिलं आणि तिची पाळी येताच बाहेर सटकले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. “सहा पॉइंट सहा! इन्शुलिनचं नावही नको आता. कमाल केलीत!”

“कमाल हिची,” साहेबांनी बायकोकडे बोट दाखवलं. “मी आपली सोबत केली.”

बायकोने अहवाल त्यांच्या हातात दिला. साहेबांनी आकडा दोनदा वाचला. जिंकलो! हा कागद तर चौकटीत घालून भिंतीवर लावायचा, असं ठरवून त्यांनी चष्मा पुसला आणि अगदी वरपासून वाचायला घेतलं.

वय साठ. लिंग: पुरुष.