उतारावरचा हात

सायकल चालवता चालवता प्रथमेशनं प्रीताच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मागच्या गाडीत बसलेल्या शोभाबाईंना वाटलं, चला, सुचलं एकदाचं शहाणपण. दमलेल्या बायकोला टेकू देतोय.

पण चढ तर संपला होता. पुढे उतार होता आणि वळण. उतारावर टेकू कशाला?

हात क्षणभर तिथंच राहिला. मग शोभाबाईंच्या लेकानं ढकललं. कोपर सरळ होईपर्यंत.

प्रीता सायकलीसकट रस्ता सोडून गेली आणि द्राक्षबागेच्या तारांवर तोंडावर आपटली. काचा बंद होत्या तरी आवाज गाडीत ऐकू आला. शोभाबाईंचा जन्म तासगावच्या बागेत गेलेला. ताणलेली तार माणसाचं काय करते, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मालिनीनं करकचून ब्रेक दाबला. "ओ माय गॉड, स्किड झाली!"

"स्किड? गाडी तू चालवतेस ना? मग डोळे कुठं ठेवले होतेस गं?"

मालिनीनं सीटबेल्ट सोडला. तिचा नवरा आणि प्रथमेश एकाच ऑफिसात.

प्रीताची हनुवटी उघडी पडली होती. पुढचे दात मातीत. एक हात भलत्याच बाजूला वळलेला. आणि प्रथमेश तिच्यावर ओणवा होऊन ओरडत होता, "सांगितलं होतं ना, थांबायचं नाही म्हणून! सप्टेंबरात फ्रान्सलापण अशीच पाट्या वाचत बसणारेस? सगळ्या ग्रुपसमोर माझी लाज काढणारेस?"

एवढंच घडलं होतं. कुणा फ्रेंच माणसानं कॅलिफोर्नियाच्या या टेकड्यांत शंभर वर्षांपूर्वी दगडी वाइनरी बांधली, तिच्या दारातली पाटी वाचायला पोरगी सायकलवरून उतरली. प्रथमेशच्या वेगाच्या अ‍ॅव्हरेजचं वाटोळं झालं. फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून सायकलनं फिरायचं, म्हणून दर रविवारी ही प्रॅक्टिस. फिरायला जायचंय की लढायला, शोभाबाईंना अजून कळलेलं नव्हतं.

तिच्या पायावर पडलेल्या सायकलला त्यानं लाथ घातली. प्रीता गुरासारखी ओरडली.

"प्रथमेश!" शोभाबाई धावल्या. "हो बाजूला, मेल्या!"

जाणाऱ्या कुणीतरी फोन केला असावा. अँब्युलन्सच्या आधी पोलिसांची गाडी आली. उतरली एक उंच बाई, कमरेला पिस्तूल. तिनं प्रीताजवळ गुडघे टेकून काय झालं ते विचारलं.

"आय फेल डाउन," प्रीता रक्ताच्या गुळणीतून म्हणाली. बघत मात्र सासूकडे होती.

मालिनी शोभाबाईंच्या कानाशी लागली. "काकू, प्लीज. केस झाली तर ग्रीन कार्ड लटकेल. दोघांचंही. घरी गेल्यावर बघा ना काय ते."

"घरी गेल्यावर तिला दात उगवणारेत का?"

पोलीसबाई आता त्यांच्याकडेच आली. प्रथमेश चटकन मधे आला. आईला इंग्लिश येत नाही, मी ट्रान्सलेट करतो, असं त्यानं तिला हसून सांगितलं असावं. मग वळून म्हणाला, "आई, ती विचारतेय, तू काय पाहिलंस."

"तू ढकललंस. ते पाहिलं."

त्याची पापणीसुद्धा हलली नाही. तो इंग्रजीत बोलला, चांगलं ऐसपैस. पोलीसबाईनं मान हलवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

शोभाबाई चौथीत शाळा सोडलेल्या. तरी एवढं त्यांना कळलं. बायकोला ढकलणाऱ्याच्या खांद्यावर पोलीस असा हात ठेवत नाहीत.

"अशी तिला नाही कळायची," त्या म्हणाल्या. "कसं झालं ते मी दाखवते. बस सायकलवर."

प्रथमेशचा चेहरा उजळला. आई आपल्या बाजूला वळली, असं त्याला वाटलं. प्रीता घसरली कशी ते आई दाखवणार आहे, हेही त्यानंच पोलीसबाईला सांगून टाकलं असावं. रस्त्याच्या कडेला सायकलवर बसला, एक बूट पेडलच्या खाचेत खट्कन अडकवला.

शोभाबाईंनी त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. शर्ट घामानं ओला होता. क्षणभर हात तिथंच राहिला.

मग त्यांनी अंगातला सगळा जोर लावला.

बूट सुटलाच नाही. तो सायकलीसकट गेला. गाल तारेवर, नाक लोखंडी खांबावर. नाकाचं हाड मोडलेलं सगळ्यांना ऐकू आलं. "आई गं!" तो किंचाळला.

"हं," शोभाबाई म्हणाल्या. "आता हे सांग बाईला इंग्लिशमध्ये."

पोलीसबाईनं दुसऱ्याच क्षणी त्यांचे हात पाठीमागे पिरगाळले आणि त्यांना गाडीच्या बॉनेटवर दाबलं. बांगड्या मनगटातच फुटल्या. पत्रा तापलेला.

तेव्हा मागून प्रीताचा आवाज आला. एका कोपरावर उठून ती इंग्रजीत काहीतरी बोलत होती. थोडंसंच. पोलीसबाईची पकड सैल झाली.

"काय म्हणाली?" शोभाबाईंनी विचारलं.

प्रथमेश नाक धरून मालिनीकडे बघत होता, मानेनं नको नको म्हणत होता.

"मालिनी, तुला विचारतेय. आणि एक शब्द गाळू नकोस."

मालिनीनं प्रथमेशकडे पाठ केली. "म्हणाली, त्यानं असंच ढकललं." मग प्रीताकडे बघत, "आणि म्हणाली, ही पहिली वेळ नाही."

पोलीसबाईनं हात सोडले होते. शोभाबाईंनी तापलेल्या पत्र्यावरून गाल उचलला नाही.