उरलेला नट

वाटीत एक नट उरला होता.

आत्याने वाटी तिरकी केली, बोटाने तळ चाचपला. एकच होता, पण होता. दहा व्हीलचेअर, त्यांचे वीस ब्रेक, आणि प्रत्येक ब्रेकला एक असे वीस नट स्टोअरमधून मोजून आलेले. दहावी खुर्ची आत्ताच तिच्या टेबलावरून पुढे सरकली होती. वाटी रिकामी असायला हवी होती.

"स्टोअरवाल्याने एक जास्त घातला असेल," शेजारच्या टेबलावरून बडबडी म्हणाली. तिचे हात स्वतःच्या कामात आणि डोळे दुसऱ्याच्या. "टाका खिशात, आत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि नसला घातला तर?"

"तर काय! शनिवारी कायम होणाऱ्यांची यादी लागतेय. चार वर्षं हंगामी म्हणून काढलीत. गाडी दारात उभी आहे, सकाळपासून साहेबांचा पारा चढलेला. आज लाइन थांबवलीत तर स्वतःच्या हाताने नाव खोडतील तुमचं."

आत्याने वर पाहिलं. सगळ्या टेबलांच्या डोक्यावरून एक लाल दोरी गेली होती. चूक दिसली की ती कुणीही ओढायची, म्हणजे अख्खी लाइन थांबते. कारखान्यांतल्या कामाच्या पद्धतींवर संशोधन करणाऱ्या एका तरुण बाईने आठ महिन्यांपूर्वी ती बांधून घेतली होती. हातात सदा स्टॉपवॉच, म्हणून तिचं नाव पडलं घड्याळवाली. दोरीबरोबर तिने एक अटही घातली होती: कुणी दोरी ओढली की लाइनच्या साहेबांनी जागेवर जायचं आणि काहीही विचारायच्या आधी म्हणायचं, "बरं केलंत."

तेव्हा हॉलभर हशा पिकला होता. साहेबांच्या तोंडून 'बरं' कुणी ऐकलं नव्हतं.

पुढे दोरीला कुणी हात लावला नाही. तिच्यावर धूळ बसली. "निदान टॉवेल तरी वाळत घाला," बडबडी म्हणायची. दोरी किती वेळा ओढली ते लिहायच्या भिंतीवरच्या तक्त्यात महिन्याला एक अशी आठ शून्यं झाली. पाहुणे आले की साहेब ती बोट करून दाखवायचे. घड्याळवाली मात्र त्या शून्यांसमोर उभी राहिली की तिचा चेहरा पडायचा.

रोज सकाळी घराचं दार ओढून घेताना आत्या मनाशी एकच वाक्य म्हणायची. आज माझ्या हातून कुणाचं वाईट न होवो. इतक्या वर्षांत ते जिभेच्या सवयीचं झालं होतं. आत्ता मात्र ते एकदम आठवलं, जसं कुणी मागून खांद्यावर हात ठेवावा. ब्रेकच्या नटावर प्लास्टिकची टोपी बसते. आत नट आहे की नाही, कुणाला दिसत नाही. ते कळेल फक्त त्या खुर्चीत बसून उतारावर आलेल्या माणसाला.

तिने हात वर केला आणि दोरी ओढली.

पट्टा थांबला. पंख्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. पंचवीस माना वळल्या. साहेब लांब ढांगा टाकत आले, तोंड उघडलं, आणि मागून धावत आलेल्या घड्याळवालीकडे त्यांची नजर गेली.

"बरं केलंत," ते म्हणाले. कडू काढा घशाखाली उतरवल्यासारखे.

आत्याने वाटी पुढे केली. "माझीच चूक असेल, साहेब. एक उरलाय."

त्यांनी दहाही खुर्च्या माघारी आणवल्या. त्यातल्या चार गाडीत चढल्या होत्या. आत्या एकेक टोपी काढू लागली. पहिली खुर्ची, नट होता. दुसरी, होता. पाचवी, सहावी. साहेब मनगटाकडे पाहत होते. आठवीतही दोन्ही नट जागच्या जागी निघाले, तशी बडबडीने डोळेच मिटून घेतले. आत्याचे ओठ हलत होते, हात मात्र थांबले नाहीत.

नवव्या खुर्चीची डावी टोपी निघाली. आत नुसता बोल्ट होता.

साहेबांनी वाकून ब्रेकचा दांडा ओढला. तो सरळ त्यांच्या हातातच आला.

त्यांनी तो पुन्हा बोल्टवर चढवला. मग वाटीतला नट उचलून त्यांनी स्वतःच आत्याच्या तळव्यावर ठेवला.

"बसवा," ते हळू आवाजात म्हणाले. दोन पावलं जाऊन परत आले. "सोमवारी दोन नवीन मुली येतायत. त्यांना तुमच्याच टेबलावर देतो. रोज. आधी वाटीकडे बघायला शिकवा."

"पण साहेब, शनिवारची यादी..." बडबडीला राहवलं नाही.

"ऐकलंत ना मी काय म्हणालो ते? हंगामी बाईकडे कुणी मुली शिकायला देतं का?" साहेब गुरकावले. जाता जाता तक्त्यापाशी थांबून त्यांनी या महिन्याच्या घरात एक आकडा लिहिला. एक.

आत्याने नट बसवला, दोनदा पिळून पाहिला, टोपी लावली. पट्टा पुन्हा सुरू झाला. घड्याळवाली अजून तिथेच उभी होती. आत्या तिच्याकडे वळली. हातांना तेल होतं, म्हणून तिने ते नुसतेच जवळ आणले, जोडले नाहीत.

"ताई, दोरी बांधलीत," ती म्हणाली, "बरं केलंत."

घड्याळवालीने मान हलवली. लाइन किती वेळ थांबते ते मोजायला लावलेलं स्टॉपवॉच तिच्या हातात अजून चालूच होतं.